तळाच्या थरातली राजसबाई

मुंग्यांनी आमच्या सरांचा जन्म वाया घालवला. ऐकून कुणाला हसू आलं तर येऊ दे. मला येत नाही, आणि हसणाऱ्याशी भांडायची ताकदही आता माझ्यात उरलेली नाही.

मी सुनेत्रा, मूळची सांगलीची. चेन्नईबाहेर ईसीआरवर, म्हणजे समुद्राकाठच्या हमरस्त्यावर, कोवलमच्या अलीकडे, आमची संशोधन संस्था आहे. तिथे मी गिरीधर सरांच्या हाताखाली गाळ धुते. सांगलीला आई शेजारपाजारी सांगत सुटते, 'आमची सुनेत्रा शास्त्रज्ञ आहे.' डोंबलाची शास्त्रज्ञ! बीकरमध्ये चिखल घ्यायचा, पेरॉक्साइड ओतून उकळायचा, त्यातलं पान, मूळ, किडा, जे जे म्हणून सजीवाचं ते सगळं जाळून टाकायचं आणि शेवटी काय उरतं ते मायक्रोस्कोपखाली बघायचं. उरतात ते डायटम. पाण्यातलं एका पेशीचं शेवाळ म्हणा ना. त्याच्या अंगावर काचेचं कवच असतं. जीव मरतो, कवच तळाला जाऊन बसतं आणि लाखो वर्षं तिथेच राहतं. कुठल्या थरात कुठलं कवच आहे यावरून ते तळं त्या काळी उघडं होतं की बर्फाखाली गाडलेलं, हे सांगता येतं. आमची विद्या एवढीच.

सरांचं तळं आर्क्टिकमधलं. मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, पहाटे जरा गार वारं सुटलं की कानटोपी चढवणारा हा चेन्नईचा माणूस तिथे जाऊन गोठलेल्या तळ्यावर उभा राहिला, बर्फाला भोक पाडलं आणि तळातला गाळ नळीत भरून आणला. त्या थंडीत उजव्या करंगळीचं नख गेलं ते परत आलंच नाही. नळीच्या अगदी तळाला मूठभरच गाळ आला, कारण त्याखाली खडक लागला. त्या मूठभर गाळात सरांना ते सापडलं. ऑलाकोसिरा जातीचं डायटम, एकाला एक जोडून साखळी करणारं. ते जड असतं. उघड्या, ढवळत्या पाण्यातच तरंगतं, बर्फाखाली नाही. म्हणजे ज्या काळात ते तळं बारा महिने गोठलेलं होतं असं अख्खं जग म्हणतं, त्या काळात तिथे उघडं पाणी होतं, लाटा होत्या! शिवाय त्याच्या टोकाचा एक काटा बाकदार होता, आणि तसा काटा असलेलं डायटम कुठल्याच ग्रंथात नव्हतं. नवी प्रजाती. जो शोधतो त्याने नाव ठेवायचं, असा आमच्याकडचा रिवाज. सरांनी नाव ठरवून टाकलं होतं. राजसबाई.

राजसबाई म्हणजे सरांची बायको. ही मंडळी तंजावरची मराठी. त्यांची मराठी माझ्या पणजीच्याही आधीची, वर तमिळचा हेल. पहिल्या दिवशी मला त्यांचं निम्मं कळलं नाही, पण मला पोळी मिळत नाही म्हटल्यावर बाईंनी दुसऱ्या दिवसापासून सरांच्या डब्याबरोबर माझा डबा सुरू केला. इतकी वर्षं या शहरात मला आपलं असं एकच माणूस मिळालं, आणि ते गेल्या वर्षी कॅन्सरने गेलं. हॉस्पिटलात सरांनी त्यांना मोबाइलवर डायटमचा फोटो दाखवला होता. मी तिथेच होते.

"हे काय, मुरुक्कूचा तुकडा?" बाई म्हणाल्या. मुरुक्कू म्हणजे आपली चकली. "ह्याला माझं नांव? लोक हसतील कीं!"

तोंडाने असं म्हणाल्या, आणि मग येईल त्या नर्सला फोटो दाखवून तमिळमध्ये सांगत बसल्या की बर्फातल्या तळ्यात माझं नाव राहणार आहे. माणसाला अंगावरची चादर जड होत होती, पण मोबाइल काही हातातून सुटेना. शेवटी शेवटी सरांना एवढंच म्हणाल्या, "छापून आलं कीं दिव्याला दाखवा." दिव्या म्हणजे दिव्यश्री, त्यांची एकुलती एक मुलगी, सिरुसेरीला आयटीत आहे. सर म्हणाले, "दाखवतो." त्या एका शब्दावर माणूस वर्षभर जगला.

आता सर ऑक्टोबरअखेर निवृत्त होणार. लेख पाठवला होता. एका परीक्षकाने खुसपट काढलं. त्याचं म्हणणं, हे डायटम फक्त सगळ्यात खालच्या थरात आहे, वरच्या एकाही थरात नाही, हे विचित्र वाटतं. तळाचा गाळ उरला असेल तर पुन्हा धुऊन बघा. मी त्या न पाहिलेल्या माणसाला मनसोक्त शिव्या घातल्या. मेला खवचट! स्वतः कधी बर्फावर उभा राहिला असेल का? सर मात्र शांत होते.

"बरोबर विचारतो तो," ते म्हणाले. "शीतगृहात अंगठ्याएवढा तुकडा आहे मा. नवरात्र झालं की धुऊया. निघेल."

मला ते 'मा' म्हणतात, तमिळ लोक लेकीबाळींना म्हणतात तसं.

नवरात्रात त्यांच्या घरी गोलू मांडतात, पायऱ्यांवर बाहुल्या. बाई गेल्यावरचं पहिलंच. दिव्यश्रीने हट्टाने मांडलं आणि मला बोलावलं. शनिवारी मी वेस्ट मांबलमच्या त्यांच्या फ्लॅटवर गेले. सर बाहेरच्या खोलीत आल्यागेल्यांना सुंडल, म्हणजे प्रसादाची हरभऱ्याची उसळ, वाटत होते. दिव्यश्री स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून कोलमचं, म्हणजे त्यांच्याकडच्या रांगोळीचं, पीठ तयार करत होती. एका स्टीलच्या डब्यात तांदळाचं पीठ होतं आणि त्यात ती एका पाकिटातून पांढरी भुकटी ओतत होती.

"हे काय गं?" मी सहज विचारलं.

"मुंगी पावडर, अक्का. अम्माची टेक्निक," ती म्हणाली. "लॅबमध्ये आयुधपूजेला अम्मा जायची ना कोलम काढायला. एकदा तांदळाच्या पिठाला इतक्या मुंग्या आल्या की अप्पा तिला खूप ओरडले. मग तिने हे शोधलं. पिठात हे मिसळायचं, एकपण मुंगी येत नाही. केमिकल नाही हां, प्युअर नॅचरल. यावेळी अम्माच्या ऐवजी मी येणार लॅबमध्ये. अप्पांना सांगितलंय."

आता गंमत बघा. कोलम तांदळाच्या पिठाचा काढायचा तोच मुळी मुंग्यांच्या पोटात दोन कण जावेत म्हणून. असो. मी पाकीट हातात घेतलं ते उगाच, काहीतरी हातात घ्यायचं म्हणून. मागे बारीक अक्षरात लिहिलं होतं, डायटमेशियस अर्थ, फ्रेशवॉटर. म्हणजे डायटमची माती. कुठल्या तरी आटलेल्या तळ्याच्या तळातून खणलेली, गोड्या पाण्यातल्या डायटमची कवचं, दळून पाकिटात भरलेली. मुंगीच्या अंगाला ती काच घासते आणि मुंगी मरते.

मी ती ओळ पुन्हा वाचली. दिव्यश्री काहीतरी विचारत होती, मला ऐकू येईना. मी चिमूटभर पावडर रुमालात बांधली, आमच्याकडेही मुंग्या झाल्यात म्हटलं, आणि सुंडल न खाता निघाले.

रविवारी लॅबमध्ये चिटपाखरू नव्हतं. पावडर पाण्यात कालवून एक थेंब काचेवर घेतला आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला. देवा, असू नये, असू नये, असं मी मोठ्याने म्हणत होते. होतं. साखळीला साखळी. तुटलेले तुकडे, अख्खे तुकडे आणि त्यांच्या टोकाला तो बाकदार काटा. ज्या काट्यावरून सरांनी बाईंचं नाव ठेवलं, तोच.

सरांनी तळ्यातला गाळ आणला, त्या वर्षीच्या आयुधपूजेचा फोटो लॅबच्या भिंतीवर लावलेला आहे. मी तेव्हा सुट्टीवर सांगलीला होते. फोटो रोज बघायचे, पण कधी नीट पाहिला नव्हता. चेन्नईत या दिवशी हत्यारांची पूजा होते. सुताराची करवत, रिक्षावाल्याची रिक्षा, तसा आमचा मायक्रोस्कोप. त्याला हार घातलाय, गंध लावलंय. टेबलावरच ऐसपैस कोलम आहे आणि त्याच्या मधोमध बीकर ओळीने मांडलेत, प्रत्येकाला चंदनाचा टिळा. एकावरही झाकण नाही. का नाही तेही मला ठाऊक होतं, सरांनीच कधीतरी कौतुकाने सांगितलं होतं. देवापुढे वस्तू झाकून ठेवत नाहीत म्हणून बाईंनी झाकणं काढली होती. आणि त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नसतो, म्हणून दुसऱ्या दिवसापर्यंत बीकर तसेच उघडे, वर पंखा. त्या बीकरांमध्ये तेव्हा नेमका तळाच्या थराचा गाळ होता. नंतर पेरॉक्साइडने तांदळाचं पीठ जाळून टाकलं. काच उरली. उरणारच.

मी स्टुलावर बसून राहिले. खरं सांगायचं तर मनात पाप आलं. गाळ धुणारी मी. रुमालातली चिमूट त्या अंगठ्याएवढ्या तुकड्यात टाकली असती तर परीक्षक गप्प बसला असता, बाईंचं नाव छापून आलं असतं, सर सुखाने घरी गेले असते. कुणाचं काय बिघडलं असतं? दहा वेळा मनात आलं. मग वाटलं, उद्या कुणीतरी त्या तळ्यावर जाईल, बर्फ फोडेल, शोधेल, आणि सरांना जगभर खोटारडा म्हणेल. ते मला सोसलं नसतं. सरांना दाखवायची म्हणून मी काच तशीच मायक्रोस्कोपवर ठेवली आणि घरी गेले.

सोमवारी मी पोचायच्या आत सर आले होते. मला आधी बोलायचं होतं, पण ही त्यांची सवय, आल्या आल्या डोळा लावायचा. मी दारात, आणि ते मायक्रोस्कोपवर वाकलेले. डोकं वर न काढताच ओरडले, "सुनेत्रा! आहे! बघ, आहे कीं नाही! आणि कितकं आहे बघ!"

मला वाटलं धरणी दुभंगावी. त्यांना वाटलं होतं, मी सुट्टीत येऊन तो शेवटचा तुकडा धुतला.

"सर..."

"मला न सांगतां केलंस? शाबास मा! त्या परीक्षकाला आत्ताच लिहितो. दिव्याला फोन लाव. नको, मीच लावतो."

त्यांनी खिशातून मोबाइल काढलासुद्धा. मी पुढे होऊन त्यांचा हात धरला. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी हात लावला नव्हता.

"सर, हा गाळ नाही. ही तुमच्या घरातली मुंगी पावडर आहे."

सगळं सांगितलं. डबा, पाकीट, पीठ. फोटोकडे बोट दाखवलं. ते उठून फोटोसमोर गेले आणि पाठमोरे उभे राहिले. त्यांच्या शर्टाची पाठ घामाने भिजत गेली तेवढी मला दिसत होती.

"झाकण काढूं नको म्हणालो होतो मी तिला," ते शेवटी म्हणाले. "ती म्हणाली, एक दिवस देवापुढे राहूं द्या. मी म्हटलं, सरी, बरं, ठेव." मग माझ्याकडे वळले. चेहरा असा झाला होता की बघवेना. "कशाला सांगिटलंस मा? मी जातच होतो कीं घरी. कशाला सांगिटलंस?"

मला त्यांचा राग आला, माझाही आला, त्या पाकिटवाल्याचा तर इतका आला की मी पाकिटावरच्या नंबरला फोन लावला. माती कुठल्या खाणीतली, कुठल्या देशातली, एवढंच सांगा म्हटलं. निदान ते डायटम तरी खरंच नवं असेल, त्याला तरी बाईंचं नाव देता येईल. पलीकडचा माणूस म्हणाला, पोत्याने माल येतो, आम्ही पाकिटं भरतो, मुंग्या गेल्या नाहीत का तुमच्या?

"सोड," सर म्हणाले. "ज्याचं गाव ठाऊक नाही त्याला नाव देतां येत नाही. पोदुम मा. पुरे."

तरी त्यांना आशा होतीच. माणसाची सुटत नाही. तो अंगठ्याएवढा तुकडा त्यांनी शीतगृहातून स्वतः आणला. पंखा बंद, खिडक्या बंद, बीकरवर झाकण. घामाने निथळत, नख नसलेल्या करंगळीच्या त्या हाताने, त्यांनी स्वतः गाळ उकळला, स्वतः धुतला. मला शिवू दिलं नाही. मी नुसती शेजारी उभी होते आणि ज्या देवाचं मी एरवी नाव घेत नाही त्याला म्हणत होते की एक तरी दाखव. एकच. बाकीचे पिठातले असू देत, एक तळ्यातलं असू दे.

काच वाळली. सर वाकले. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, ओळीमागून ओळ, त्यांनी सगळी काच पाहिली. मग मला जागा दिली. मीही पाहिली. वाळूचे कण होते. टोकदार, स्वच्छ, मेलेले कण. डायटम एकही नव्हतं. ते तळं त्या काळी गोठलेलंच होतं, जग म्हणतं तसंच.

दुपारी सरांनी लेख मागे घेतला. दोन ओळींचा मेल. पाठवून झाल्यावर म्हणाले, "दिव्याला कळतां नये."

"अहो पण ती विचारणार ना, नाव का आलं नाही म्हणून!"

"माझी चूक झाली म्हणून सांगीन. बापाला जमलं नाही, एवढं कळलं तर तिला चालेल. अम्माच्या हातून झालं हें कळूं नये. रोज सकाळी त्याच डब्यातून कोलम काढते ती."

मी भांडले. म्हटलं, यात बाईंचा काय दोष, आणि तुमचा तरी काय? लेक मोठी आहे, समजेल तिला. सर ऐकून घेत होते आणि टेबल पुसत होते. पुसलेलंच परत पुसत होते. मग मीच त्यांच्या हातातलं फडकं काढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी आयुधपूजा. दिव्यश्री रजा घेऊन आली, आईची मोरपंखी रेशमी साडी नेसून. हातात तोच स्टीलचा डबा. तिने मायक्रोस्कोप पुसला, हार घातला, गंध लावलं. मग बीकर ओळीने मांडले. शेवटच्या बीकरमध्ये कालच्या तुकड्याचं उरलेलं पाणी होतं, तळाशी गाळाची पुसट रेघ. त्या तळ्याच्या तळाच्या थरातलं तेवढंच आता शिल्लक होतं. तिने सगळी झाकणं काढून बाजूला ठेवली. आईने शिकवलेलं.

मग ती टेबलावर वाकून कोलम घालू लागली. हात थेट बाईंचा, चिमटीतून रेघ कशी सुटते ते कळतसुद्धा नाही.

"अप्पा," तिने मान वर न करता विचारलं, "अम्माचं नाव कधी येणार? ऑफिसमध्ये सगळ्यांना सांगून ठेवलंय मी."

सर खुर्चीत बसले होते. काल ठरवलेलं वाक्य त्यांना काही सांगता आलं नाही.

"ओळ तुटली बघ तिथे," ते म्हणाले. "जोडून घे मा."

तिने ओळ जोडली. पंख्याच्या वाऱ्याने पीठ उडत होतं, उन्हाच्या तिरिपेत स्पष्ट दिसत होतं. हात सवयीचा, मी झाकण उचललं. निदान ते एक बीकर तरी झाकावं. सरांनी खुर्चीतूनच माझं मनगट धरलं.

"राहूं दे," ते हळूच म्हणाले. "पडूं दे त्यांत. तेवढी तरी राहील ती त्या तळ्यात."

दिव्यश्री हसून म्हणाली, "काय पडू दे, अप्पा?" मी हातातलं झाकण खाली ठेवलं आणि तोंड धुवायच्या निमित्ताने बाहेर आले.